तासाची सायकल आणि डोक्यावरचं टोपलं

सायकली दोन प्रकारच्या असतात. एक स्वतःची आणि दुसरी तासाची. स्वतःची सायकल वडिलांच्या बोनसातून येते, सासऱ्याकडून येते किंवा अलीकडे सरकारकडून येते. तिच्या चेनकव्हरवर मालकाचं नाव असतं, तिला रोज सकाळी फडकं मारतात, आणि शेजाऱ्यानं मागितली की ती नेमकी पंक्चर असते. तासाची सायकल यातली कुणाचीच नसते. म्हणून ती साऱ्या गावाची असते.

आमचं गाव तेरखेडा. नाव ऐकताच माहितगार माणूस कानांवर हात ठेवतो. आमच्याविषयी त्याचं मत वाईट आहे म्हणून नव्हे, तेरखेड्याचे फटाके प्रसिद्ध आहेत म्हणून. वाशी तालुक्यातलं, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचं हे गाव. दिवाळीत बऱ्याच लोकांच्या अंगणात आमच्या गावचा आवाज निघतो, पण त्यांना ते ठाऊक नसतं. असो. फटाक्यांवर पुन्हा कधीतरी. आज सांगायचं आहे ते सायकलींविषयी.

माझ्या लहानपणी, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या मागंपुढं, गावात भाड्यानं सायकली देणारं एक दुकान होतं. मालकांना सगळं गाव मामा म्हणायचं. दुकानात सहा मोठ्या सायकली आणि दोन छोट्या. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेले. हे नंबर म्हणजे नुसते आकडे नव्हते, ते एकेका सायकलीचे स्वभाव होते. दोन नंबरचं सीट उताराला लागलं की आपोआप पूर्वेकडं तोंड करायचं. चार नंबरला ब्रेक नव्हते. ती थांबवायची असेल तर आधी भिंत शोधावी लागे. पाच नंबर घेतली की पँट चेनमध्ये जायची आणि पँटीबरोबर आईचा मारही नक्की व्हायचा. एक नंबर सर्वांत चांगली, आणि म्हणूनच ती कायम 'बाहेर' असायची.

दुकानात गेलं की मामा चष्म्यावरून बघून एकच प्रश्न विचारायचे.

"कुणाचा रं तू?"

झालं. हीच अनामत आणि हाच ओळखीचा पुरावा. बापाचं नाव सांगितलं की मामा वहीत नोंद करायचे. बापाचं नाव सांगून मुलगा सायकल घेऊन पळाला तरी मामांना काळजी नसायची. सायकल कुठंही गेली तरी बाप तिथंच राहणार. आज मोबाइलवर सहा आकडे येतात आणि ते टाकल्याशिवाय कुलूप उघडत नाही, असं भाचा मोठ्या कौतुकानं सांगतो. मामांचं कुलूप एका नावानं उघडायचं, आणि ते नाव विसरण्याची सोय नव्हती.

भाडं तासावर. घड्याळ फक्त मामांच्या दुकानात, त्यामुळं काळ हा मामांच्या मालकीचा होता. तरी आम्ही कमी नव्हतो. साडेचारला नेलेली सायकल पाच पंचविसाला परत आणली की पाच मिनिटं उरायची. पैसे दिलेली पाच मिनिटं काय म्हणून सोडायची? मग दुकानासमोरच गोल गोल चकरा. मामा आतून ओरडायचे, "आरं, ठिव की आता, चक्कर यायलीय मला!" आणि आम्ही विचारायचो, "किती वाजले, मामा?"

पण तासाच्या सायकलीवर फक्त पोरंच बसायची असं नाही. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या घरी सुईण हवी झाली, कुणाची तार आली, पाहुणे अचानक उतरले आणि घरात साखर नाही, की गडी धावत मामांच्या दुकानात. सायकल घ्यायची हे कुणी आदल्या दिवशी ठरवत नसे. तासाच्या सायकलीचा सगळा जीव यातच आहे, की तिची गरज ऐन वेळी पडते. सुईण आणायला निघालेल्या माणसाला मामांनी विचारलं असतं की, "टोपी आणलीस का? नसली तर घरी जाऊन ये, नाहीतर कायद्यानं सायकल देता येत नाही," तर मूल शाळेत घालायच्या वेळेला सुईण आली असती.

हा प्रश्न मला गावात कधीच सुचला नाही. तो सुचला मेलबर्नला.

माझी एक पुतणी तिकडं असते. २०१४ साली तिनं आम्हा उभयतांना बोलावून घेतलं. शहर फार देखणं. रस्त्यांना शिस्त, ट्रामला घंटा आणि माणसांना घाई नाही. एके ठिकाणी निळ्या सायकलींची रांग दिसली. एकसारख्या, ठसठशीत, पुढं टोपली आणि वर चकचकीत घंटी. मला गलबलूनच आलं. म्हटलं, मामा इथंही पोचले! पुतणीनं सांगितलं की, या सार्वजनिक सायकली. पैसे भरायचे, इथून घ्यायची, तिकडं लावायची. सहाशे सायकली २०१० साली शहरात आणून ठेवल्या होत्या.

"मग कुणी घेत का नाही?" मी विचारलं. कारण रांग तशीच्या तशी. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून नटून बसावं आणि पाहुणे येऊच नयेत, तसं त्यांचं दिसत होतं.

"काका, हेल्मेट लागतं ना!"

मग तिनं सगळी हकिगत सांगितली. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, त्यानं १ जुलै १९९० पासून सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं केलं. साऱ्या राज्याला असा कायदा लावणारं जगातलं पहिलं सरकार ते. बाकीची ऑस्ट्रेलियन राज्यं दोनेक वर्षांत तिच्यामागं गेली, १ जानेवारी १९९४ ला न्यूझीलंड गेलं. हेतू चांगलाच होता. डोक्याच्या जखमा कमी झाल्याच्या नोंदीही झाल्या. पण त्याचबरोबर सायकल चालवणारेही कमी झाले, आणि त्यातही जास्त घटली ती शाळकरी, कॉलेजातली पोरं. आता जखमा कमी झाल्या त्या टोपीनं किती आणि सायकलीच घरी राहिल्यानं किती, यावर तिकडचे विद्वान गेली तीस-पस्तीस वर्षं एकमेकांची डोकी फोडताहेत, अर्थात हेल्मेट न घालता.

अशा शहरात तासाच्या सायकली आणल्या. ऑफिसातून जेवायला निघालेल्या माणसाच्या मनात येतं, चला, पलीकडच्या चौकापर्यंत सायकलनं जाऊ. पण खिशात पाकीट असतं, रुमाल असतो, किल्ल्या असतात, टोपलं नसतं. मग तो ट्राममध्ये चढतो. सायकलवाल्यांनी हरतऱ्हेचे उपाय करून पाहिले. दुकानांतून पाच डॉलरला हेल्मेट विकायला ठेवलं. त्यासाठी नाणी टाकायचं यंत्रसुद्धा बसवलं. शेवटी फुकटची हेल्मेटं सायकलींच्या हँडलला लटकावून ठेवली.

त्यातलंच एक मी उचललं. आतून ते किंचित ओलसर होतं. माझ्याआधी कुणीतरी परिश्रम केले होते. मी ते डोक्याकडं नेणार एवढ्यात आमची ही मागून अशी कडाडली की ट्रामची घंटा फिकी पडावी.

"खाली ठेवा आधी ते! कुणाकुणाच्या डोक्यातलं काय काय असेल त्यात. दुसऱ्याची टोपी आणि दुसऱ्याचा कंगवा घेऊ नये, एवढं पहिलीतल्या पोरालाही कळतं. सायकल घ्या हवी तर तासाची, डोकं नका तासाचं घेऊ!"

मी पुष्कळ अहवालांबद्दल ऐकलं-वाचलं आहे, पण सार्वजनिक सायकली आणि हेल्मेटसक्ती यांचं भांडण नक्की कुठं आहे हे इतक्या नेमकेपणानं कुणी मांडलेलं मला आढळलं नाही. सायकलीचं सीट साऱ्या गावानं वापरावं, त्यात कुणाला काही वाटत नाही. बैठक ही मूळचीच लोकशाहीवादी असते. डोक्याचं तसं नाही. डोक्यावर जे चढतं ते खाजगी असतं. वाटून घ्यायची वस्तू आणि वाटून न घ्यायची वस्तू कायद्यानं एकत्र बांधली, की पहिलीसुद्धा दुसरीसारखी होते.

मेलबर्नची ती योजना नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. ब्रिस्बेन शहरानं २०१० मध्येच तसाच संसार थाटला होता, तो २०२१ मध्ये मोडला. आता सगळा दोष टोपीच्याच डोक्यावर थापणं बरं नव्हे. मेलबर्नला सायकलींचे ठाणे थोडे होते, आणि २०१५ पासून शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट झाली. फुकटच्या ट्रामपुढं कुणाची सायकल टिकणार? आमच्या मामांच्या दुकानासमोरून फुकट एस.टी. गेली असती तर मामांनीही दुकानात पिठाची गिरणी टाकली असती. पण इतर ठिकाणचं ऐकलं की संशय पुन्हा टोपीकडंच वळतो. अमेरिकेतल्या सिॲटल गावातही सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं होतं. तिथं २०१४ च्या ऑक्टोबरात सार्वजनिक सायकली निघाल्या आणि प्रत्येक ठाण्यावर धुतलेल्या हेल्मेटांचा एक डबा आणि वापरलेल्यांचा एक डबा ठेवला. लाँड्रीच म्हणा ना! योजना ३१ मार्च २०१७ ला मिटली. पुढं २०२२ मध्ये तिथली सक्तीच काढून टाकली. मेक्सिको शहराच्या कारभाऱ्यांनी जरा आधी विचार केला. २०१० मध्ये सायकली रस्त्यावर आणायच्या होत्या, म्हणून त्यांनी त्याआधी हेल्मेटचा कायदा रद्द केला. इस्रायलनंही २०११ मध्ये, तेल अवीवच्या सायकली सुरू झाल्या त्याच साली, शहरातल्या प्रौढांना मोकळीक दिली. आणि पॅरिस, जिथं २००७ पासून अशा सायकलींचा नुसता सुळसुळाट आहे, तिथं प्रौढांवर ही सक्ती कधी नव्हतीच.

याचा अर्थ पॅरिसकरांची डोकी रस्त्यावर पडली आहेत असा नाही. या भाड्याच्या सायकली जड असतात, धीम्या असतात. त्यांच्यावर माणूस शर्यतीच्या थाटात नाही, भाजी आणायला निघाल्यासारखा बसतो. अमेरिकेत अशा सायकलीवरचा पहिला मृत्यू झाला तो २०१६ साली, शिकागोत, तोवर त्या देशात कोट्यवधी फेऱ्या होऊन गेल्या होत्या. आमच्या चार नंबरला ब्रेक नव्हते तरी तिच्यावरून पडून कुणाचं डोकं फुटल्याचं मला आठवत नाही. गुडघे मात्र सर्वांचे फुटले.

एकूण कायद्याचं आणि वाटून घेतलेल्या सायकलीचं पहिल्यापासूनच जमत नाही. १९६५ साली ॲम्स्टरडॅममध्ये काही बंडखोर तरुणांनी जुन्या सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर मोकळ्या सोडल्या. ज्याला हवी त्यानं घ्यावी, काम झालं की सोडावी. ना कुलूप, ना भाडं. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. कारण काय, तर सायकल बिनकुलपाची ठेवणं तिथल्या नियमात बसत नव्हतं! म्हणजे सायकल चोरणारा गुन्हेगार असतो इतपत आपल्याला ठाऊक होतं. न चोरता येईल अशी सायकल ठेवणाराही गुन्हेगार असतो, हे डच पोलिसांनी जगाला दाखवलं.

आपल्याकडंही सायकलवाल्यामागं कायदे कमी नव्हते. पालिकेचा कर, त्याचा पितळी बिल्ला, रात्री बत्ती, आणि डबलसीटला बंदी. संध्याकाळी उस्मानाबादेत शिरायचं तर वेशीपाशी उतरून, मागं बसलेल्याला पायी पुढं धाडून, सायकल हातात धरून, "आमची ओळखच नाही" अशा चेहऱ्यानं हवालदारासमोरून जायचं. हवालदाराची शिक्षा दंडाची नसे, हवेची असे. तो वाकून चाकातली हवा सोडायचा. दंड भरला तर पावती मिळते, हवा गेली तर काहीच मिळत नाही.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र आपला कायदा सायकलीला हात लावत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मोटारसायकल-स्कूटरवाल्यांसाठी आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. हे पुणेकरांनी फार बारकाईनं वाचलं असावं, कारण १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी सक्ती कडक केली, तेव्हा दोनच दिवसांत हेल्मेटविरोधकांचा मोर्चा निघाला आणि त्यात पुणेरी पगड्या झळकल्या. जगात इतरत्र लोक डोक्यावर मारतील म्हणून हेल्मेट घालून मोर्चाला जातात. हेल्मेट घालायला लागू नये म्हणून पगडी घालून मोर्चाला जाणारं शहर एकच.

याच पुण्यात डिसेंबर २०१७ पासून तासाच्या सायकली नव्यानं आल्या होत्या. आधी विद्यापीठाच्या आवारात, मग रस्तोरस्ती. पिवळ्या, हिरव्या, केशरी. हेल्मेटची अट नाही, काही नाही. मोबाइल दाखवला की कुलूप उघडायचं. तरी दोन-तीन वर्षांत बहुतेक कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. कुणी कुलपं तोडली, कुणी सीट नेलं, कुणी सायकलच जिन्याखाली लपवून 'स्वतःची' करून टाकली. तिथं काय कमी पडलं ते मला विचाराल तर सांगतो. "कुणाचा रं तू?" हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

इथपर्यंत सगळा विचार मी पुण्यात, मुलाच्या घरी, गॅलरीतल्या खुर्चीत बसून करत होतो. म्हणजे निर्धोक होतो. मग तेरखेड्याहून फोन आला.

फोन पुतण्याचा. गावाला माझे थोरले बंधू, सारे त्यांना आबा म्हणतात, त्यांचा हा मुलगा. खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याची मुलगी नववीला. तिला शाळेतून सरकारी योजनेची सायकल मिळालेली. वाचकांना कल्पना नसेल, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांतून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते, आणि ती मिळाल्यापासून खेड्यांतल्या कितीतरी मुली शाळा न सोडता पुढं शिकल्या. कागदोपत्री ही सायकल एका मुलीची. प्रत्यक्षात आमच्या घरात ती एक सार्वजनिक योजना होती. सकाळी पोरगी मागं मैत्रिणीला घेऊन शाळेत. परत आली की तिच्यावरून सूनबाई गिरणीला. ऊन उतरलं की आबा तिच्यावर टेकून, म्हणजे न बसता नुसते हँडल धरून, पारापर्यंत. ते तिला काठीसारखी वापरतात. संध्याकाळी शेजारची दोन पोरं अंगणात शिकायला. सहाशे सायकलींना मेलबर्नमध्ये जमलं नाही ते एका सायकलीनं तेरखेड्यात चालवलं होतं.

त्यात पुतण्याचा एक वर्गमित्र गेला. हमरस्ता आता चौपदरी आहे. पूर्वीचा दोनशे अकरा, आताचा बावन्न. संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येत होता, मागून ट्रक आला. गाव त्याच्या दारात रात्रभर बसलं. हेल्मेट घरी खुंटीला होतं, तेच बघत त्याची आई बसली होती. आमच्या गावाला मरण नवीन नाही. दारूच्या कारखान्यांत स्फोट झालेले आहेत, माणसं गेलेली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा कामाला गेलेले आहेत, कारण दुसरं काम नाही. पण याचं मरण पुतण्याच्या काळजात रुतलं. आठव्या दिवशी तो बार्शीला गेला आणि लेकीसाठी सायकलचं हेल्मेट घेऊन आला. घरात कायदा केला, हेल्मेटशिवाय या सायकलीवर कुणीही बसायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही.

आता पाहा काय झालं ते. पहिल्या दिवशी मैत्रीण बाद झाली. हेल्मेट एक, डोकी दोन. ती बिचारी दहा माणसांच्या टमटममध्ये अकरावी होऊन, एक पाय बाहेर ठेवून शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी सूनबाई दळणाचा डबा घेऊन निघाली. पुतण्यानं हेल्मेट पुढं केलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्ये पदरावर घालू का पदराखाली?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कायद्यात नाही. दळण डोक्यावरून गेलं. आबांनी आपला पांढरा पटका पुढं केला. "आरं, ह्यो काय कमी हाय व्हय? ट्रक डोक्यावरनं गेला तर पटका राहतोय का टोपलं, ह्येची पैज लाव." शेजारच्या पोरांना अंगणातच येऊ देईनात. चौथ्या दिवशी खुद्द पोरीनं सायकलला हात लावायचं सोडलं. विचारलं तर बोलेना.

सायकल गोठ्यात उभी राहिली. मेलबर्नच्या सायकलीसारखीच, नटूनथटून.

मग पोरगी शाळेत जायची कशी? तर बापाच्या मोटारसायकलवर, मागं. मध्ये धाकटा भाऊ. तिघं. त्याच चौपदरी रस्त्यानं. कुणाच्याच डोक्यावर काही नाही. आणि हे तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मोटारसायकलवर तिघं बसणं आमच्याकडं इतकं नैसर्गिक आहे की दोघंच दिसले तर लोक विचारतात, "कामून, बरं नाही का घरी?"

एके दिवशी अंड्यांचा हिशोब लागेना म्हणून सूनबाई शोधायला लागली. पुतण्याचं मोटारसायकलचं हेल्मेट स्वयंपाकघराच्या मागं कोनाड्यात पडलेलं, त्यात कोंबडी खुडूक बसलेली. पोरगी दारातच होती. तिनं बापाला एवढंच विचारलं.

"पप्पा, तुमचं टोपलं कोंबडीला दिलंय व्हय?"

त्या रात्री मला फोन आला. पुतण्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "काका, तुम्ही शिकलेले. परदेश बघून आलाव. तुम्हीच सांगा, मी चुकलो का? पोरीचं डोकं वाचावं म्हणलं म्या. दुसरं काय मागितलं?"

काय सांगावं? गॅलरीतले सगळे दाखले घशाशी येऊन थांबले. ज्याचा मित्र गेलाय त्याला सिॲटलचे धुतलेल्या हेल्मेटांचे डबे सांगायचे नसतात. मी म्हटलं, "कोंबडी उठली की आधी तुझं हेल्मेट धू आणि डोक्यावर घाल. त्यात वाद नाही. मोटारसायकल ही कैक पट वेगाची गोष्ट आहे, तिथं टोपी हवीच. पोरीला पुन्हा सायकलवर बसव. टोपी घाल म्हणावं, घातली तर फार उत्तम, पण टोपी नाही म्हणून सायकल अडवू नकोस. सायकल अडली की ती तुझ्या मागं बसते, आणि तुझ्या मागं बसणं सायकलपेक्षा धोक्याचं आहे."

"आणि हायवे?"

इथं माझं सगळं पांडित्य संपलं. पोरीचं डोकं जिथं खरोखर धोक्यात आहे ती जागा म्हणजे शाळेला जाताना लागणारा हमरस्त्याचा तेवढा एक तुकडा. तिथं ट्रकपुढं दोनशे ग्रॅम थर्मोकोल ही फार मोठी ढाल नव्हे. तिथं हवा तो पोरांना सायकल घेऊन सुखानं पलीकडं जाता येईल असा रस्ता. हेल्मेट बार्शीत मिळतं; रस्ता दुकानात मिळत नाही, त्यासाठी अर्ज करावे लागतात. मी म्हटलं, अर्ज मी लिहून देतो. ते एक मला येतं. तीन लिहून दिले आहेत. आबांनी सगळ्यांवर अंगठा न उठवता सही केली, आणि पाराखालच्या मंडळींच्याही घेतल्या. एका कचेरीतून पोच आली आहे, दोन ठिकाणचं 'विचाराधीन' आहे.

दरम्यान घरातला कायदा पोरीनं आपल्या आईच्या मदतीनं दुरुस्त करून घेतला. गावातल्या गल्लीत टोपी हँडलला. हमरस्ता आला की उतरायचं, टोपी घालायची, सायकल हातात धरून ओलांडायचं, आणि पलीकडं शाळेपर्यंत घालूनच जायचं. गिरणीला, पाराला आणि अंगणात टोपीची गरज नाही. सायकल पुन्हा सगळ्यांची झाली. मात्र मैत्रीण अजून टमटमनंच जाते. तिला मागं घ्यायचं तर दुसरं हेल्मेट हवं, असं पोरीचंच म्हणणं. आणि ते आणायचं काम माझ्याकडं आलं.

"आजोबा, पुण्यातनं आणा. बार्शीच्या हेल्मेटात वेण्या बसत नाहीत."

तेव्हा कुठं मला कळलं की ती सायकल का सोडून बसली होती. शाळेत दोन वेण्या लागतात, वर दुमडून, लाल रिबिनीची फुलं बांधून. हेल्मेट घातलं की दोन्ही फुलं चपटी होतात, आणि काढल्यावर पोरी हसतात. मेलबर्नच्या मुलींनी सायकल का सोडली याचे अहवाल निघाले, पण आमच्या घरात हे बापाला, आज्याला, कुणालाच सुचलं नव्हतं.

गेले चार दिवस मी पुण्यातली दुकानं पालथी घालतोय. दुकानदार हसतमुखानं विचारतो, "साहेब, रेसिंगचं दाखवू का माउंटनचं?" मी त्याला दोन्ही हात कानांच्या वर धरून दाखवतो, की इथं दोन वेण्या आहेत, दुमडलेल्या, आणि त्यावर फुलं. तो म्हणतो, "असं मॉडेल अजून आलेलं नाही." काल एकानं मात्र विचार करून सांगितलं की, मागं पट्टीला मोठी फट असलेलं एक आहे, त्यातून वेण्या बाहेर राहतील, फुलं थोडी खाली बांधावी लागतील. मी दोन बाजूला ठेवायला सांगितली आहेत. फुलं खाली बांधायला शाळेत चालतं का, तेवढं पोरगी उद्या बाईंना विचारून कळवणार आहे.